पुनवेची मोठी भरती

चहा तुम्ही पाजताय म्हणून सांगतो, नाहीतर हा किस्सा मी आपणहून कुणाला सांगत नाही. आमच्या ऑफिसातले लोक सांगतात, तेही मी समोर बसलेला असताना, आणि दर वेळी त्यात पदरचं काहीतरी घालतात. एकाच्या किश्श्यात तर हल्ली शार्क आलाय! तेव्हा म्हटलं, एकदा माझ्याच तोंडून होऊन जाऊ दे. आपला गाढवपणा निदान आपल्या हिशेबानं तरी सांगावा, नाही का?

एक्याण्णव का ब्याण्णव साल असेल. आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो, आई आणि मी. मूळचे परभणीकडचे. गावात नदी होती, पण ती पावसाळ्यापुरती. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी. पाहिला, बरा वाटला, परत आलो. त्याची माझी ओळख एवढीच. हे नीट लक्षात ठेवा, पुढे माझ्या बचावाला लागणार आहे.

मी मुंबईत एका सरकारी ऑफिसात रोजंदारीवर टंकलेखक होतो. रोजंदारी म्हणजे कसं, काम रोज असतंच, पण तुम्ही आहात की नाही ते रोज नव्यानं ठरतं. अशी चार वर्षं गेली होती. लग्न जमत नव्हतं त्याचं कारणही तेच. मुलीकडचे पोहे खायचे, चहा प्यायचे आणि विचारायचे, "मुलगा कायम आहे का?"

आई म्हणायची, "आहे की! हा काय समोर बसलाय."

पुढे काही व्हायचं नाही.

त्यामुळे मला भरतीचं वेड लागलं होतं. पोलीस भरती, रेल्वे भरती, बँक भरती, जिथे भरती तिथे मी. खांद्याच्या पिशवीत एक प्लास्टिकची फाईल. तिच्यात सगळ्या दाखल्यांच्या साक्षांकित प्रती, टायपिंगचं सर्टिफिकेट आणि पासपोर्ट साइज फोटो सहा. दूध आणायला निघालो तरी फाईल बरोबर! न जाणो, वाटेत कुठे भरती निघाली तर?

फाईलमध्ये एकच कागद कमी होता. खेळाचा. कुणीतरी मला सांगितलं होतं की खेळाचं सर्टिफिकेट असलं की मुलाखतीत साहेब जरा मऊ पडतात. आता मी खेळणार काय? उंची पाच फूट दोन इंच, टाचा उचलल्या तर तीन. शाळेत कबड्डीच्या मैदानावर मी एकदाच उतरलो होतो, फक्की मारायला.

अशात भाईंदर पश्चिमेच्या एका तरुण मंडळाचा फळा दिसला. 'साहस शर्यत. चौघांचा संघ. बुद्ध पौर्णिमेच्या सुट्टीला सकाळी सात वाजता. भाईंदर ते उत्तन, उत्तनहून डोंगरी. प्रत्येक स्पर्धकास प्रमाणपत्र.' शेवटच्या ओळीपुढे मी काही वाचलंच नाही. मे महिना आहे, डोक्यावर ऊन असणार, एवढं अंतर पळायचंय, छे! प्रमाणपत्र मिळणार ना? बस्स.

चौघं जमवणं सोपं होतं, बिल्डिंगमध्येच होते. आमच्या वरच्या मजल्यावर नंदू सावंत. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर हे लोक लालबागहून इकडे आले. नंदू सहा फूट उंच, बी.कॉम. आणि बेकार. भरतीच्या रांगेत तो कायम माझ्या पुढे किंवा मागे असायचा. एकाच वडापावाचे दोन तुकडे करून आम्ही कितीतरी रांगा काढल्या होत्या. त्याची मोठी बहीण बेबीताई, शाळेत पी.टी. शिकवायची. ती कॅप्टन झाली, म्हणजे कुणी केली नाही, आपोआप झाली. चौथा जिग्नेश, तळमजल्यावरचा स्टेशनरीवाला. माझ्या दाखल्यांच्या झेरॉक्स तोच काढायचा.

"अरे, तेरा नया सर्टिफिकेट आयेगा तो झेरॉक्स मेरे पास ही करेगा ना?" तो म्हणाला. "चल, आतो मी."

नियम साधे होते. वाटेत तीन ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि शेवटची रेषा चौघांनी मिळून ओलांडायची. एक जरी मागे राहिला तर अख्खा संघ बाद. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी, संकटात सापडलात तर वाजवायची. मी शिट्टी गळ्यात घातली आणि फाईल पिशवीत.

"फाईल कशाला?" बेबीताईनं विचारलं.

"असू दे."

"तिथे काय मुलाखत आहे?"

"ताई, असू दे गं त्याची," नंदू म्हणाला. "त्याला त्याशिवाय चालता येत नाही."

निघताना आई म्हणाली होती, "संध्याकाळी वंदनेला वेळेवर ये लेकरा, खीर करते."

शर्यत सुटली. मुर्धा गाव गेलं, राई गेलं, मोर्व्यापर्यंत माझ्या पायांचे गोळे झाले होते. पुढे मिठागरं. तुम्ही मे महिन्यात मिठागराच्या बांधावरून पळालायत कधी? नका पळू. तिथे ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. जिग्नेश म्हणाला, "यार, अपन पापड हो गया. दोनो साइड से." बेबीताई मात्र शिट्टी वाजवल्यासारखी "लेफ्ट, राइट" करत पुढे. तिच्या भीतीनं आम्ही उत्तनला पोचलो तेव्हा चक्क दुसरे होतो! पहिला संघ शंभर पावलांवर दिसत होता. बक्षिसाची ढाल जवळजवळ हातात आली होती.

पावणेदहा वाजले होते. किनाऱ्याजवळ मांडवात शिक्क्याचं टेबल. बेबीताई म्हणाली, "मिलिंद, त्या मावशींना विचार डोंगरीला जवळची वाट कुठली. तोपर्यंत आम्ही शिक्का घेतो, पाणी भरतो."

मावशी म्हणजे एक कोळीण बाई, बांबूवर बोंबील वाळत घालत होत्या. मी गेलो आणि विचारलं. इथून पुढचं संभाषण मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"वरच्या रस्त्यानं जा," मावशी म्हणाल्या. "खालून किनाऱ्यानं जाव नको. आज भरती हाय."

मी जागच्या जागी थांबलो.

"भरती?"

"मोठी भरती. पुनवेची."

आता तुम्हाला हसू येतंय. पण माझ्या जागी उभे राहून बघा! चार वर्षांचा रोजंदारीवाला, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, आणि कानावर शब्द पडतो भरती. तेही पौर्णिमेची! आमच्या ऑफिसात दोन वर्षं नुसती चर्चा चालली होती की राखीव जागांची अनुशेष भरती निघणार, निघणार. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बुद्ध पौर्णिमेचा मुहूर्त धरून काढली! आणि गाजावाजा नको म्हणून थेट उत्तनला! सरकारला पहिल्यांदाच काहीतरी नीट सुचलंय असं मला वाटलं.

"किती वाजता मावशी?" मी फाईल चाचपत विचारलं.

"सुरू झाली की आताच. बारा वाजता पुरी भरंल."

"मग जागा?"

"जागा कुठली? बारानंतर पाय ठेवाया जागा न्हाय."

"उंचीची अट आहे का?"

मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "उंच असला तर बरं असतं. तू तर गेलासच."

"आणि छाती?"

"बगता बगता छातीपर्यंत येतं!"

म्हणजे छाती मोजतात. मी श्वास भरून पाहिला, बरा भरला. "दरवर्षी असते का हो?"

"दरवर्षी?" मावशी हसायला लागल्या. "आरं, रोज दोनदा असते!"

रोज दोनदा! आणि मी चार वर्षं पूर्वेला झोपा काढत होतो! मी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, हे सगळं असतं कुणाच्या हातात?"

"चंद्राच्या. दुसऱ्या कुणाच्या?"

चंद्रा. म्हणजे चंद्रकांत कुणीतरी. एवढ्या मोठ्या साहेबाला ही बाई एकेरीत बोलते म्हणजे घरोबा असणार. "तुमची ओळख आहे?"

"माझी? जल्मापासनं!"

"मग माझं नाव सांगाल? मिलिंद."

मावशींनी हातातला बोंबील खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "सांगीन हां. तू आदी डोक्यावर टोपी घाल."

"आणि सुरुवात कुठून होते?"

त्यांनी हात केला. पाण्याच्या कडेला एक काळा खडक होता. "तिथनं. पयली तिथंच येते."

आता खरी गोष्ट सांगतो. नंदू माझ्यापासून तीस पावलांवर उभा होता, बाटलीत पाणी भरत. एक हाक मारली असती तर आला असता. आजवर एकाही भरतीची बातमी आम्ही एकमेकांपासून लपवली नव्हती. पण जागा किती असतील? चार? दोन? आणि 'उंच असला तर बरं' हे मावशींचे शब्द कानात घुमत होते. नंदू सहा फूट. मी पाच-दोन. मी हाक मारली नाही. माझी चूक म्हणाल तर ही. बाकीचं सगळं नुसतं हसण्यासारखं आहे, ह्याची मात्र मला आजही लाज वाटते.

"माझ्या पोटात कळ आलीय," मी येऊन सांगितलं. "तुम्ही वरच्या वळणावर थांबा, मी आलोच."

"पाच मिनिटं," बेबीताई म्हणाली. "दुसरे आहोत आपण. लक्षात ठेव."

ते वळणाकडे गेले आणि मी खडकाकडे. वाळू ओलांडली, चार दगड ओलांडले, वर चढलो. खिशातून कंगवा काढला, भांग पाडला. फाईल हातात घेतली. खडकावर आधीच एक माणूस उभा होता! हातात गळाची दोरी. मी म्हटलं, बरोबर आहे, रांगेत तासन् तास उभं राहायचं तर माणूस वेळ घालवायला काहीतरी करणारच.

"कधीपासून उभे आहात?" मी विचारलं.

"पाटेपासनं."

"लागलं का काही?"

"कुठं लागतंय! मगाशी एक लागला होता, सुटला."

"अरेरे! कसा काय सुटला?"

"तोंड फाटलं ना त्याचं."

साहेबासमोर फार बोलला असणार. मी मनात ठरवलं, आपण विचारतील तेवढंच बोलायचं.

थोड्या वेळानं खडकाच्या पायथ्याशी पाणी आलं. त्या माणसानं दोरी गुंडाळली. "चला, भरती आली."

"मग तुम्ही चाललात कुठे?"

"घरी!"

"आता? भरती आल्यावर?"

"मग काय बुडू हितं? तू पन चल."

काय वृत्ती आहे बघा! पहाटेपासून उभा राहिला आणि ऐन वेळी माघार. अशानंच आपली माणसं मागे राहतात, असंही माझ्या मनात येऊन गेलं. "तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "मी थांबतो."

"पवता येतं का?"

"का? त्याचंही सर्टिफिकेट लागतं?"

तो माणूस निघून गेला. एक उमेदवार कमी झाला. मला बरं वाटलं.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा मी बूट काढले आणि पिशवीत टाकले. गुडघ्याला लागलं तेव्हा म्हटलं, ही शारीरिक चाचणी असणार. किनाऱ्यावरची नोकरी, पाण्याला घाबरणारा माणूस कसा चालेल? कंबरेला लागलं तेव्हा मागे वळून पाहिलं. ज्या दगडांवरून आलो ते दगड नव्हते. वाळू नव्हती. मावशी लांब काठावर दोन्ही हात हलवत ओरडत होत्या. मी फाईल उंच धरून ओरडलो, "मिलिंद! मिलिंद नाव सांगा!"

आणि मग, मावशींनी सांगितलं होतं अगदी तसंच, बघता बघता छातीपर्यंत आलं.

तिथे मला शाळेचा भूगोल आठवला. भरती आणि ओहोटी. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. पौर्णिमेला मोठी भरती येते. कशामुळे? चंद्राच्या आकर्षणामुळे! चंद्राच्या! परीक्षेत पाच गुणांना आला होता हा प्रश्न, आणि मला पाचपैकी पाच होते.

मी खूप घाबरलो. खोटं कशाला सांगू, रडलोसुद्धा. एका हातानं फाईल डोक्यावर धरली, पिशवी दातात धरणार होतो, पण दातात शिट्टी होती. ती जीव खाऊन वाजवली.

वरच्या वळणावर आमचा संघ तासभर ताटकळत होता. तिघांनी शिट्टी ऐकून खाली पाहिलं. जिग्नेश म्हणाला म्हणे, "अरे, वो अपना मिलिंद है ना? उधर ऑफिस खोला क्या?"

एक होडी आली. दोन कोळी आणि पुढे मावशी. मला बखोटीला धरून आत ओढलं. काठावर आणून टाकलं तेव्हा बेबीताई, नंदू, जिग्नेश धावत आले होते.

"सांगितलं व्हतं ना याला, भरती हाय म्हनून!" मावशी सगळ्यांना सांगत होत्या. "तरी हा खडकावर जाऊन उभा!"

"मला वाटलं," मी दातावर दात आपटत म्हटलं, "नोकरीची."

जिग्नेश खाली वाळूत बसला आणि पोट धरून हसायला लागला. कोळी हसले, मावशी हसल्या, बेबीताईला हसायचं नव्हतं तरी हसली. तेवढ्यात वरच्या रस्त्यानं चौथा, पाचवा, सहावा असे संघ पळत गेले. आमची शर्यत संपली होती, तिकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

नंदू एकटा हसत नव्हता.

"म्हणजे तुला वाटलं जागा निघाल्यात," तो म्हणाला.

"हो रे."

"आणि तू मला हाक मारली नाहीस."

"अरे, पण जागा नव्हत्याच!"

"पण असत्या तर?"

मी फाईल उघडून कागद चाळायला लागलो. फाईल मात्र कोरडी होती. एकही कागद भिजला नव्हता.

संध्याकाळी मंडळाचा चिटणीस प्रमाणपत्रं वाटत होता. आम्ही बाद झालो होतो, पण मला त्यानं खास वेगळं दिलं. त्याच्या कानावर एवढंच गेलं होतं की कुणीतरी भरतीत सापडला आणि शिट्टी वाजवत टिकून राहिला. अक्षर सुंदर होतं त्याचं. लिहिलं होतं, 'भरतीच्या वेळी दाखवलेल्या धैर्याबद्दल.' मी घरी गेलो, वंदनेला बसलो, खीर खाल्ली. खीर वर द्यायला गेलो तर नंदू झोपलाय म्हणून बेबीताईनं दारातूनच घेतली. साडेसात वाजता कोण झोपतं?

दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही.

पावसाळ्यात आमच्या ऑफिसात खरीखुरी जाहिरात लागली. लिपिकांची भरती! ती फळ्यावर लावणाऱ्या शिपायाच्या हाताला अजून खळ होती. मी त्या दिवशी घरी न जाता थेट एक मजला वर चढलो आणि नंदूचं दार वाजवलं.

"भरती आहे," मी म्हटलं.

त्यानं दार अर्धंच उघडलं. "पाणी कुठपर्यंत येतं?"

"चौथा मजला आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि बाजूला सरून मला आत घेतलं.

मुलाखत एकाच दिवशी होती. नंदू आधी जाऊन आला. मग माझा नंबर. साहेब फाईल चाळत होते, चाळता चाळता त्या प्रमाणपत्रावर थांबले. खेळाचं म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं, लावलं होतं.

"'भरतीच्या वेळी दाखवलेल्या धैर्याबद्दल,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "म्हणजे याआधी भरतीला उभे राहिला होता?"

"हो साहेब. एकदा चांगलाच उभा राहिलो होतो."

"कुठपर्यंत पोचलात?"

"छातीपर्यंत, साहेब."

"मग?"

"मग बाहेर काढलं."

साहेबांनी चष्मा काढला. चेहरा खरोखर हळवा झाला होता त्यांचा. "अन्याय होतो कधीकधी," ते म्हणाले. मी मान खाली घातली. खुलासा करण्यासारखी ती जागा नव्हती.

नंदू लागला. पहिल्याच यादीत. मी प्रतीक्षा यादीत, पण पहिला! सहा महिन्यांनी कुणीतरी हजर झाला नाही आणि मीही लागलो. कायम! आईनं त्या दिवशी भेटेल त्याला थांबवून सांगितलं.

मला टेबल मिळालं आवक-जावकचं, नंदूच्या बरोबर समोर. तिथे टपालाची पोती येतात, दिवसातून दोनदा. त्या शर्यतीची शिट्टी नंदूनं कुठे जपून ठेवली होती कुणास ठाऊक. पोतं दारात दिसलं की हा सहा फुटी इसम उठतो, शिट्टी वाजवतो आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा ओरडतो, "मिलिंद, भरती हाय!"

इतकी वर्षं झाली, मला माहीत असतं तो ओरडणार आहे. तरी आता काय सांगू तुम्हाला, हातातली फाईल आपोआप डोक्यावर जाते.